चार जाळा, एक बदला

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी तीन प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. एक म्हणजे, ‘अहो, व्याख्यानमालेत मोबाईल गेम कुठून आणलात?’ आणि दुसरी, ‘बरं झालं, पोरांच्या व्यसनावर कुणीतरी बोलायलाच हवं होतं.’ दोघांचीही आज थोडी निराशा होणार आहे. मी व्यसनमुक्तीवर बोलणार नाही. एखाद्या नाटकाचा दुसरा अंक का पडला हे जसं आपण बारकाईने बघतो, तसं एका गेममधला एक नियम का पडला, आणि तो पडल्यावर लोक इतके का चिडले, हे बघायचं आहे.

मराठीत गेमबद्दल लिहायच्या दोनच जागा आहेत. एक तंत्रज्ञानाची पुरवणी, तिथे नवं काय आलं ते सांगतात. दुसरी पालकांसाठीचं सदर, तिथे घाबरवतात. मधली जागा, म्हणजे हा गेम नीट रचलाय का, तो खेळणाऱ्याशी प्रामाणिक आहे का, ही रिकामीच आहे. समीक्षेचं काम तिथे आहे असं मला वाटतं.

तर गेमचं नाव आहे पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट. ३० ऑक्टोबर २०२४ ला जगभर आला. क्रीचर्स आणि डीएनए या दोन जपानी कंपन्यांनी मिळून बनवला. नाव लक्षात ठेवा, विशेषतः त्यातला ‘ट्रेडिंग’ हा शब्द. ट्रेडिंग म्हणजे अदलाबदल. आपल्याकडे ज्यांनी काडेपेटीचे छाप जमवले, गोट्या जमवल्या, किंवा नंतरच्या पिढीत चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवले, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ‘माझ्याकडे हे डबल आहे, तुझ्याकडे काय डबल आहे?’ या एका वाक्यावर मधल्या सुट्ट्याच्या मधल्या सुट्ट्या गेल्या आहेत.

आधी पॅक म्हणजे काय ते सांगतो, कारण सभागृहात निम्मे लोक असे दिसतायत ज्यांनी हा गेम उघडलेला नाही. (हशा) पॅक म्हणजे बंद पाकीट, आत पाच कार्डं. कुठली निघतील माहीत नाही. गेममध्ये दर बारा तासांनी एक पॅक फुकट उघडता येतो, म्हणजे दिवसाला दोन. महिन्याची वर्गणी भरली, ती अमेरिकेत दहा डॉलरच्या आसपास आहे, तर रोज तिसरा. त्याहून जास्त हवे असतील तर गेममधलं सोनं विकत घ्यायचं.

आता हे पॅक उघडणं कसं रचलंय ते बघण्यासारखं आहे, आणि मी मुद्दाम त्यावर थोडा थांबणार आहे. समोर पाकिटांचं एक गोल कडं फिरत असतं. तुम्ही बोटाने ते फिरवता, एक निवडता. पाकीट उलटसुलट करून बघता येतं. मग वरच्या कडेवरून बोट ओढायचं, पाकीट फाटतं, उजेड येतो, कार्डं एकेक करून पुढे येतात. कागद फाटण्याचा आवाजसुद्धा आहे. सुंदर काम आहे, यात मला मुळीच उपरोध करायचा नाही. ज्याने हे बनवलं त्याला लहानपणी पाकीट फाडताना पोटात काय होतं ते आठवत होतं.

पण निवडीचा त्या पाकिटात काय असणार याच्याशी संबंध काय? गेममध्येच टक्केवारी छापलेली आहे, आणि कड्यातल्या सगळ्या पाकिटांना ती सारखीच लागू आहे. म्हणजे निवड आहे, पण ती हाताला काम म्हणून आहे. तरी खेळणाऱ्यांमध्ये एक समजूत पसरली की कड्यातलं एखादं पाकीट किंचित कोपरा दुमडलेलं असतं, आणि ते शुभ असतं! हे वाचून मला हसू आलं नाही. माणसाला निवडायला दिलं आणि निवडीला अर्थ दिला नाही, की अर्थ तो स्वतः तयार करतो. पत्रिकेचं, लॉटरीच्या आकड्याचं, सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

आता थोडे आकडे. पहिल्या संचात, त्याचं नाव जेनेटिक एपेक्स, एक खास पॅक असतो ज्यातली पाचही कार्डं दुर्मीळ असतात. तो निघण्याची शक्यता ०.०५ टक्के. म्हणजे दोन हजारांत एक. रोजचे दोन फुकट पॅक धरले तर सरासरी हजार दिवस, पावणेतीन वर्षं. बरं, नशिबाला पर्याय म्हणून गुण आहेत. प्रत्येक पॅकमागे पाच गुण, आणि गुण देऊन हवं ते कार्ड घेता येतं. चार हिऱ्यांचं कार्ड, म्हणजे ज्याच्या नावापुढे ‘एक्स’ लागतं ते जोरदार कार्ड, पाचशे गुणांना. म्हणजे शंभर पॅक, पन्नास दिवस. सोन्याच्या मुकुटाचं कार्ड अडीच हजार गुणांना, म्हणजे पाचशे पॅक, अडीचशे दिवस. आणि गुण त्या त्या संचापुरतेच, दुसऱ्या संचाला चालत नाहीत. ३० ऑक्टोबरपासून अडीचशे दिवस मोजा, जुलै २०२५ चा पहिला आठवडा येतो. तोवर बाजारात आणखी सात संच आले होते. तुम्ही एका गाडीमागे धावताय आणि फलाटावर नव्या सात गाड्या येऊन उभ्या.

हे सगळं लोकांनी सहन केलं. नुसतं सहन नाही, आनंदाने खेळले. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ‘गेमर लोक कशावरही चिडतात’ असं म्हणणाऱ्यांनी तीन महिने हे लोक का चिडले नाहीत, याचं उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं की टक्केवारी लिहिलेली होती, आणि ज्या गेमच्या नावातच ट्रेडिंग आहे त्यात आज ना उद्या अदलाबदल येणार, मग डबल कार्डांचं सार्थक होणार, ही आशा होती. डबल कार्ड म्हणजे निराशा नव्हती, ती ठेव होती.

अदलाबदल आली २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी. आणि नियम असा आला.

एका आणि दोन हिऱ्यांची साधी कार्डं फुकट बदला. पण त्यावरच्यांसाठी ‘ट्रेड टोकन’ लागणार. तीन हिऱ्यांच्या कार्डाला १२० टोकन, एका ताऱ्याच्या कार्डाला ४००, चार हिऱ्यांच्या एक्स कार्डाला ५००. टोकन कुठून आणायचे? स्वतःकडची जादा कार्डं कायमची मोडून. एक्स कार्ड मोडलं की १२५ टोकन. एका ताऱ्याचं मोडलं की १००. तीन हिऱ्यांचं मोडलं की २५.

भागाकार करा. एक एक्स कार्ड मित्राला द्यायचं तर स्वतःची दुसरी चार एक्स कार्डं जाळायची. तीन हिऱ्यांचं एक द्यायचं तर तसलीच पाच. आणि हे दोन्ही बाजूंनी, कारण मित्रालाही त्याचं कार्ड तुम्हाला देताना तेवढेच टोकन भरायचे. म्हणजे दोन मित्रांनी एकेक कार्ड बदललं की आठ कार्डं नाहीशी झाली. आठ जाळून दोन बदलली. दलाल कितीही हावरा असला तरी तो दलाली मालात घेऊन माल जाळत नाही हो! (हशा) तो निदान विकतो तरी.

शिवाय ज्या संचाची त्या आठवड्यात सगळीकडे चर्चा होती, अदलाबदल सुरू झाल्याच्या आगेमागेच आलेला स्पेस-टाइम स्मॅकडाउन, त्यातली कार्डं बदलायला परवानगीच नव्हती. आणि ‘मला अमुक कार्ड हवंय’ हे समोरच्याला गेमच्या आत सांगायची सोय नव्हती. बाजार भरवला, पण बोलायला बंदी.

इथे मला तुम्हाला जरा मागे न्यायचंय, कारण हा नियम नुसता महाग नाही, तो या विशिष्ट खेळात विसंगत आहे. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी. टोकियोच्या उपनगरात वाढलेला, किडे पकडायचा नाद असलेला मुलगा. पुढे त्याने दोन गेमबॉय जोडणारी वायर बघितली, तेव्हा त्याच्या मनात आलं की या वायरवरून किडा सरपटत या डब्यातून त्या डब्यात जाऊ शकेल. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये पहिले गेम आले ते दोन आवृत्त्यांत, रेड आणि ग्रीन. काही प्राणी एकातच मिळायचे, काही दुसऱ्यातच. एकट्याने संग्रह पुरा होणारच नाही अशी सोय मुद्दाम केली होती. व्यापारी चलाखी? होतीच. पण तिच्या पोटात एक कल्पना होती की तुझं अपुरेपण दुसरा मुलगा भरून काढेल.

त्याहून पुढचं ऐका. त्या पहिल्या गेममध्ये चार प्राणी असे होते की ते कितीही लढवा, पुढच्या रूपात जात नाहीत. कडाब्रा, मॅचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर. ते बदलतात फक्त दुसऱ्याला दिल्यावर. हॉन्टर मित्राकडे पाठवला की तिथे पोचल्या पोचल्या त्याचा गेंगार होतो. ‘दिल्याने वाढतं’ हे वाक्य आपण विद्येबद्दल ऐकत आलोय. या माणसाने ते खेळाच्या यंत्रात घातलं होतं, आणि तेही भाषण न देता.

आता पॉकेटच्या पहिल्याच संचात गेंगार एक्स आहे. चार हिऱ्यांचं कार्ड. तो मित्राला द्यायचा, तर काय करायचं? चार एक्स कार्डं जाळायची. ज्या प्राण्याचा जन्मच देण्यातून होतो, त्याला देण्यासाठी स्मशान लागतं! हे रचणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. त्या कंपन्यांत पोकेमॉनवर वाढलेले लोक असणारच. त्यांना दिसलं असेल, आणि तरीही दुसऱ्या कुठल्या तरी हिशोबाने त्याच्यावर मात केली.

तो दुसरा हिशोब काय होता? कंपनीने तो सांगितला. लोक भडकल्यावर फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला निवेदन आलं. त्याचा आशय असा की एकच माणूस अनेक खाती काढतो, यंत्राकडून पॅक उघडवतो, आणि चांगली कार्डं एका खात्यात ओढतो, ते रोखण्यासाठी ही बंधनं आहेत. सुधारणा करू, टोकन मिळायचे आणखी मार्ग देऊ.

याला नुसतं ‘बहाणा’ म्हणून झटकून टाकणारे बरेच होते. मी त्यांच्यातला नाही. अडचण खरी आहे. फुकट खातं काढायला काही लागत नाही, शंभर खाती काढली तर रोज दोनशे पॅक. अदलाबदल मोकळी सोडली असती तर पंधरा दिवसांत बाहेर कार्डांची दुकानं लागली असती. आणखी एक गोष्ट. मुलांची मोकळी अदलाबदल ही काही गोकुळातली दहीहंडी नसते. १९९९ साली अमेरिकेत कागदी पोकेमॉन कार्डांनी इतका धुमाकूळ घातला की कित्येक शाळांनी ती वर्गात आणायलाच बंदी केली. कारण काय, तर भांडणं, आणि मोठ्या पोरांनी लहानांना फसवून चांगली कार्डं लाटणं. पॉकेटमध्ये एका दर्जाचं कार्ड त्याच दर्जाच्या कार्डाशीच बदलता येतं. हा नियम चांगला आहे, आणि त्याचं कौतुक फार थोड्यांनी केलं. धाकट्या पोराला ‘हे चकचकीत आहे’ म्हणून कचरा गळ्यात मारता येत नाही. दिवसाला एकाच व्यवहाराची ताकद भरून येते, हेही एका परीने समजण्यासारखं आहे.

मग नेमकं चुकलं कुठे? चोर पकडायला म्हणून जे जाळं टाकलं ते कुणाच्या गळ्यात पडलं बघा. शंभर खाती चालवणाऱ्याकडे जाळायला जादा कार्डांचा ढीग असतो. टोकनचा नियम त्याला परवडतो. ज्याला परवडत नाही तो कोण? रोज दोन पॅक उघडणारा साधा खेळाडू, ज्याच्याकडे कष्टाने एक डबल गेंगार जमलाय. म्हणजे गरिबालाच कर, आणि वर सांगायचं की हा कर श्रीमंत लबाडांवर आहे. हे वाक्य आपण दुसऱ्या संदर्भात ऐकलेलं आहे, मी पुढे जातो. (हशा)

आणि दुसरं. कागदी कार्डाची टंचाई ही वस्तूची टंचाई असते, छापलं तेवढंच आहे. फोनमधल्या कार्डाची टंचाई हा एक हुकूम आहे. कार्ड म्हणजे तुमच्या नावापुढे लिहिलेला एक आकडा. गेंगारचे दोन होते, एक झाला. जळलं काहीच नाही, तरी जळलं असं तुमच्याकडून करवून घेतलं. का? कारण जादा कार्डं लोकांकडे साठली तर नव्या पॅकची ओढ कमी होते. तोवर खेळाडूला वाटत होतं की आपला संग्रह वाढतोय म्हणजे आपण श्रीमंत होतोय. या नियमाने पहिल्यांदा उघड केलं की दुकानाच्या दृष्टीने तुमचा संग्रह म्हणजे न विकलेल्या मालासारखा आहे, तो मोकळा केला पाहिजे. लोक पाचशे टोकनवर चिडले असं दिसलं. माझ्या मते ते या उघड होण्यावर चिडले.

या दोन कंपन्यांपैकी डीएनएला तरी हे पाणी किती खोल आहे हे ठाऊक असायला हवं होतं. २०१२ साली जपानमध्ये ‘कॉम्प्लीट गाचा’ नावाचा प्रकार जोरात होता. पैसे भरून यंत्रातून यादृच्छिक वस्तू काढायच्या, आणि ठरावीक वस्तूंचा संच पुरा झाला की मोठं बक्षीस. शेवटची एक वस्तू मिळेपर्यंत लोक पैसे ओतत राहायचे. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने सांगितलं की हे बेकायदा आहे. गंमत बघा, त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. कार्डं जुळवून बक्षीस देण्यावर १९७७ सालच्या नियमातच बंदी होती, डिजिटलच्या कितीतरी आधीची. त्या वेळी हा प्रकार बंद करावा लागलेल्या मोठ्या कंपन्यांत ग्री होती आणि डीएनए होती. दोघींचे शेअर धडाधड कोसळले होते. पॉकेटमध्ये तो प्रकार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण संच अपुरा राहिल्यावर माणसाचं काय होतं, याचा अनुभव त्या इमारतीत नक्की होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. आधी सगळ्यांना हजार टोकन भेट दिले. मार्चमध्ये जाहीर केलं की टोकन रद्द करणार. जुलैच्या शेवटी ते खरंच रद्द झाले. आता अदलाबदलीला शाइनडस्ट लागतं, आणि ते डबल कार्ड निघालं की आपोआप मिळतं. काही जाळावं लागत नाही. हवं ते कार्ड दाखवायचीही सोय आली. म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं, सहा महिन्यांनी का होईना. त्याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत.

पण ज्यांनी फेब्रुवारीत चार-चार एक्स जाळले, त्यांची कार्डं काही परत आली नाहीत. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला आला डीलक्स पॅक. यात पाचऐवजी चार कार्डं, पण त्यातलं एक नक्की एक्स. प्रत्येक पॅकमध्ये! ज्या दर्जाचं कार्ड मित्राला द्यायला आठ महिन्यांपूर्वी चार जाळावी लागत होती, ते तेव्हा बारा तासांनी एक फुकट मिळू लागलं. नव्याने आलेल्यांसाठी छानच. मलाही तो पॅक मनापासून आवडला, खोटं कशाला बोलू. पण यातून हेही कळलं की टंचाई कधी करायची आणि सुकाळ कधी, हे सर्वस्वी एकाच बाजूच्या हातात आहे, आणि काल केलेल्या त्यागाचं आज काहीही मोल नाही.

आता खेळाडूंबद्दल एक-दोन कडवट गोष्टी बोलतो. अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी १९७० साली मांडलं की एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला तर माणसाकडे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा ही तिसरी गोष्ट ठरवते की तो कुठली वाट घेईल. पॅकच्या गेममध्ये निष्ठा म्हणजे काय, तर तुमचा संग्रह. तो बरोबर नेता येत नाही, विकता येत नाही. म्हणून माणूस जात नाही, ओरडतो. आणि ओरडता ओरडता बारा तास झाले की पॅक उघडतो. कंपनीला आवाज ऐकू येतो, पण तिच्या आकड्यात निघून जाणारे दिसत नाहीत. मग सुधारणेला सहा महिने लागतात यात नवल ते काय?

दुसरं म्हणजे तक्रारीची भाषा. मी वाचलेल्या तक्रारींपैकी बहुतेक हिशोबाच्या होत्या. इतक्या पॅकचं नुकसान, इतक्या डॉलरचं नुकसान, दर बरोबर नाही. २०२० च्या नोव्हेंबरात हर्थस्टोन या दुसऱ्या कार्ड गेमने बक्षिसांची पद्धत बदलली तेव्हाही असंच झालं. खेळाडूंनी तक्ते मांडून दाखवलं की पूर्वीपेक्षा सोनं कमी मिळतंय, मग कंपनीने बक्षिसं वाढवली. हिशोब केलाच पाहिजे, मीही आत्ता केला. पण फक्त हिशोब मांडला की उत्तरही फक्त हिशोबातच येतं. दर सुधारतो, दुकान तसंच राहतं. ‘मला माझ्या मित्राला काही द्यायचं होतं आणि तुम्ही ते देणं मोडतोडीला बांधलंत’ हे वाक्य कुठल्या तक्त्यात मावत नाही. म्हणून ते फार कमी लोकांनी लिहिलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्यामुळे हे व्याख्यान सुचलं.

एवढं बोलून थांबतो, प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, कागदी कार्डांची पाकिटंसुद्धा लॉटरीच होती ना? मग मोबाईललाच दोष का?

होती, लॉटरीच होती. रिचर्ड गारफिल्ड, गणितज्ञ, १९९३ मध्ये त्यांचा मॅजिक द गॅदरिंग आला आणि बंद पाकिटातून खेळाचे पत्ते विकायची ही रीत तिथून रुळली. पुढे २०१६ साली त्याच गारफिल्डनी एक जाहीरनामा लिहिला, की माणसाच्या व्यसनी वागण्यावर पैसा काढणारे गेम मी बनवणारही नाही, खेळणारही नाही. त्यांच्यावर ‘सुरुवात तुम्हीच केलीत’ अशी टीका झाली तर ती अगदीच गैर नाही. पण एक फरक राहतो. कागदी पाकीट विकलं की कंपनीचा त्या कार्डावरचा हात सुटतो. तुम्ही ते द्या, विका, हरवा, भावाच्या दप्तरात टाका. त्याला परवानगी लागत नाही, टोकन लागत नाही. मोबाईलमध्ये विकल्यानंतरही हात तसाच असतो.

प्रश्न: आपल्याकडे आता कायदा आलाय ना? त्यात हे बसतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. पॉकेटमध्ये तुम्ही पैसे घालता, पण बाहेर पैसे येत नाहीत, कार्ड येतं, आणि ते गेममध्ये विकता येत नाही. मी वकील नाही, पण माझ्या वाचनाप्रमाणे असे पॅक त्या व्याख्येच्या कडेला पडतात. युरोपातही एकमत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, त्यानंतर फिफा गेममधल्या पॅकची विक्री तिथे थांबली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये त्याच फिफाच्या पॅकवरून एक कोटी युरोचा दंड ठोठावला गेला, आणि २०२२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायसंस्थेने तो रद्द केला. तेव्हा कायदा सगळं निस्तरेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, ती हा गेम खेळते. मी काय करू, बंद करू का?

ताई, मी सुरुवातीलाच म्हटलं की हा माझा प्रांत नाही. पैसे भरायची सोय फोनमध्ये बंद करून ठेवा, हे कुणीही सांगेल. त्याव्यतिरिक्त एक सुचवतो. टक्केवारीचं पान गेममध्येच आहे, ते तिच्याबरोबर एकदा उघडा. ०.०५ टक्के म्हणजे किती दिवस, हा भागाकार तिला करू द्या, दहाव्या वर्षी येतो. आणि तिच्या मैत्रिणीकडे कुठलं कार्ड नाहीये, ते तिला विचारा.